चार ओळी, २५९ मायक्रोसेकंद

लिनक्स कर्नलसोबत येणाऱ्या कागदपत्रांत एफट्रेस या माग काढणाऱ्या सुविधेवर एक लांबलचक प्रकरण आहे. ते स्टीव्हन रॉस्टेड यांनी लिहिले आहे. लोक ते अडल्या वेळी उघडतात, हवी ती आज्ञा उचलतात आणि मिटतात. लॅटन्सीचा, म्हणजे उशिराचा, ट्रेस कसा वाचायचा हे सांगताना तिथे एक नमुना छापला आहे: वर माहितीचा मथळा, मध्ये चार ओळी आणि खाली फंक्शनांच्या नावांची उतरंड. मजकूर यंत्राने लिहिलेला आहे. त्याला शैली नाही, हेतू नाही. तरीही उशिराचा शोध या विषयावर मी जे काही वाचले आहे त्यात इतका काटेकोर, इतका अर्थगर्भ आणि थोडा खट्याळही मजकूर मला दुसरा भेटलेला नाही.

आधी पार्श्वभूमी, थोडक्यात. रिअल-टाइम प्रणालीत ‘किती वेगवान’ हा प्रश्न दुय्यम असतो. रोबोटचा सांधा हलवणाऱ्या कामाने दर १,००० मायक्रोसेकंदांनी जागे व्हायचे आहे, आणि ते सरासरी ४ मायक्रोसेकंद उशिरा उठते असे कोणी सांगितले, तर त्या माहितीचे करायचे काय? लाखो फेऱ्यांत ते एकदाच ३०० मायक्रोसेकंद उशिरा उठले असेल, तर ते ‘एकदाच’ शोधायचे असते. बरोबर उत्तर उशिरा आले की ते वरातीमागचे घोडे. असा उशीर करणाऱ्या कारणांपैकी सर्वांत मुळाशी असलेले कारण म्हणजे कर्नलने एखाद्या प्रोसेसरवर इंटरप्ट बंद ठेवणे. तेवढ्या काळात टायमर वाजला तरी त्या प्रोसेसरला ऐकू येत नाही, आणि ऐकूच आले नाही तर कोणाला उठवायचे हेही कळत नाही. आयआरक्यूज-ऑफ नावाचा ट्रेसर एवढेच मोजतो: इंटरप्ट कुठे बंद झाले, कुठे उघडले, मध्ये किती वेळ गेला. आधीच्या कमाल आकड्यापेक्षा मोठा काळ सापडला की तो ठेवायचा, जुना टाकून द्यायचा.

आपला नमुना हा असा ठेवून घेतलेला एक काळ आहे.

मथळ्याची पहिली ओळ सांगते की हा आयआरक्यूज-ऑफचा ट्रेस आहे, आवृत्ती १.१.५, कर्नल ३.८ ची चाचणीप्रत. ‘चाचणीप्रत’ हा शब्द लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे. आवृत्तीच्या आकड्याबद्दल कागदपत्र अगदी कोरड्या सुरात सांगते की तो कधी बदलत नाही. एफट्रेस मुख्य कर्नलमध्ये आला २००८ साली, २.६.२७ मध्ये, पण त्याचे हे अंग त्याआधी मुख्य कर्नलबाहेर वाढणाऱ्या रिअल-टाइम पॅचमध्ये इंगो मोल्नार यांनी लिहिलेल्या लॅटन्सी-ट्रेसरमधून आलेले आहे आणि १.१.५ हा आकडा तिथूनच वारशाने मिळाला. त्याच्याच शेजारी व्हीपी, केपी, एसपी, एचपी अशी चार अक्षरजोड्यांची रांग आहे, प्रत्येकीपुढे शून्य. कागदपत्र म्हणते, या जागा पुढच्या उपयोगासाठी राखून ठेवल्या आहेत. खरे तर त्या मागच्या उपयोगाच्या खुणा आहेत. जुन्या रिअल-टाइम पॅचमध्ये प्रीएम्प्शनचे, म्हणजे चालू काम मध्येच थांबवून दुसऱ्याला जागा देण्याचे, कोणकोणते प्रकार चालू आहेत, हार्ड आणि सॉफ्ट इंटरप्ट स्वतंत्र थ्रेडमध्ये चालतात का, हे त्या चार जागी लिहिलेले असे. घर बदलले आणि कोनाडे तेवढे रिकामे सोबत आले. मथळ्यातला हा भाग वाचताना मला दरवेळी मौज वाटते.

मग येते कामाची ओळ. त्या क्षणी प्रोसेसरवर काय चालले होते? पीएस. प्रक्रिया क्रमांक ६१४३, नाइस ० आणि रिअल-टाइम प्राधान्यही ०. पीएस म्हणजे ‘सध्या यंत्रावर काय काय चालू आहे ते दाखव’ असे विचारणारी, लिनक्सवर बसणारा प्रत्येक माणूस दिवसातून सहज टंकतो ती साधी आज्ञा. तिला प्राधान्याचा कसलाही विशेष हक्क नाही. आणि याच आज्ञेने २ क्रमांकाच्या प्रोसेसरवर २५९ मायक्रोसेकंद इंटरप्ट बंद ठेवले. प्रोसेसर ३ गिगाहर्ट्झचा धरला तर हे सुमारे पावणेआठ लाख ठोके झाले. वर उल्लेख केलेल्या रोबोटच्या सांध्याचे नशीब वाईट असते तर त्याच्या एका फेरीचा चौथा हिस्सा इथेच गेला असता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा: पाहायला आलेलाच वाट अडवून बसला.

रिअल-टाइमवर लिहायचे म्हटले की मंगळावरच्या पाथफाइंडरची १९९७ सालची गोष्ट सांगायची रीत आहे. हवामानाचे कमी प्राधान्याचे काम कुलूप धरून राहिले, मधल्या प्राधान्याच्या कामांनी त्याला पुढे सरकू दिले नाही, महत्त्वाचे काम त्या कुलपापाशी अडकले आणि यान पुन्हापुन्हा रीसेट होत राहिले. गोष्ट चांगली आहे, पण तिच्यात पेच आहे, तीन पात्रे आहेत, कुलपासाठी ओढाताण आहे. आपल्या नमुन्यात यातले काही नाही. एकच पात्र आहे. इंटरप्ट बंद असले की प्राधान्याचे आकडे निरर्थक होतात, कारण त्या आकड्यांची तुलना करणाऱ्या शेड्युलरला बोलावणारी हाकच पोचत नाही. अशा वेळी सर्वोच्च प्राधान्याचे काम आणि शून्य प्राधान्याचे पीएस यांच्यात पीएस जिंकते, आणि आपण कोणाशी स्पर्धा केली हे त्याला कळतही नाही.

आता त्या चार ओळी. प्रत्येक ओळीत कामाचे नाव आणि क्रमांक, मग पाच अक्षरांची एक पट्टी, मग वेळ, मग एखादे चिन्ह, आणि शेवटी कोणते फंक्शन कोणी बोलावले ते. पाच अक्षरांच्या पट्टीत सगळा जीव आहे. पहिले अक्षर प्रोसेसरचा क्रमांक. दुसरे ‘डी’, म्हणजे इंटरप्ट बंद. तिसरे, शेड्युलरला बोलावणे आले आहे का. चौथे, आपण इंटरप्टच्या पोटात आहोत का. पाचवे, प्रीएम्प्शन किती थरांनी अडवले आहे. काही नसेल तिथे टिंब.

पहिल्या ओळीत शेवटचे टिंब आहे. दुसऱ्या ओळीत त्याच जागी १. डोळा सहज यावरून घसरतो. कुलूप घेतले की प्रीएम्प्शन एका थराने अडते; म्हणून टिंबाचा अर्थ असा की इंटरप्ट बंद झाले तेव्हा कुलूप अजून घेतलेले नव्हते. १ चा अर्थ, उघडायच्या वेळी ते हातात होते. म्हणजे आधी दार बंद, मग कुलूप. आणि दार बंद करणाऱ्याचे नाव म्हणून कुलपाचे कुठलेही सर्वसाधारण फंक्शन न येता थेट लॉक-टास्क-सिगहँडचे नाव येते. ३.८ च्या काळात त्या फंक्शनमध्ये ही दोन पावले खरोखरच वेगवेगळी लिहिलेली होती: एका ओळीत इंटरप्ट बंद, पुढे स्वतंत्रपणे कुलूप. २०१८ साली ४.१८ मध्ये ती दोन पावले एका नेहमीच्या क्रियेत मिसळली गेली. मूळ संहिता उघडून न पाहता, एका टिंबावरून आणि एका नावावरून तिची रचना ओळखता येते. अशा वेळी ट्रेस वाचणे हे काम वाटेनासे होते.

तिसऱ्या जागेचे टिंब फसवे आहे. तिथे ‘एन’ असता तर कोणीतरी उठण्यासाठी नाव नोंदवले आहे असा अर्थ झाला असता. त्याच कागदपत्रात पुढे १६ मायक्रोसेकंदांचा दुसरा नमुना आहे. त्यात बंद काळाच्या सुरुवातीला टिंब दिसते आणि शेवटी ‘एन’. दाराआडच कोणाला तरी उठवायचे ठरले. पीएसच्या नमुन्यात मात्र चारही ओळींत टिंबच. नवखा वाचक निःश्वास टाकतो: कोणी वाट पाहत नव्हते, म्हणजे नुकसान झाले नाही. पण नाव नोंदवायचे काम बहुतेक वेळा इंटरप्टनेच करायचे असते, आणि तोच बाहेर खोळंबला असेल तर नोंद होणार कशी? हे टिंब ‘कोणी नव्हते’ असे सांगत नाही. ते गप्प राहते, आणि वाचणाऱ्यानेही तेवढेच समजायचे.

पहिल्या ओळीवर वेळ शून्य आहे आणि शून्याला लागून उद्गारचिन्ह. हे चिन्ह पुढच्या ओळीपर्यंतचे अंतर १०० मायक्रोसेकंदांहून जास्त असल्याची खूण; म्हणून ते अंतराच्या अलीकडच्या काठावर बसते. साऱ्या रुक्ष मजकुरात भावना दाखवणारे हे एकमेव चिन्ह, आणि ते घटनेच्या आधी येते. कादंबरीकाराला हे सुचले असते तर आपण त्याचे कौतुक केले असते.

दुसऱ्या ओळीवर, २५९ पुढे, अधिकचे चिन्ह आहे. तिसरी ओळ २६३ वर. अंतर ४. कागदपत्रातले आजचे कोष्टक म्हणते की अधिकचे चिन्ह १० मायक्रोसेकंदांहून मोठ्या अंतराला लागते. मग चारला कसे लागले? जुनी मर्यादा १ मायक्रोसेकंदाची होती. पुढे ती १० वर नेली, हजारासाठी, दहा हजारांसाठी वेगळी चिन्हे आली, कोष्टक सुधारले. नमुना कोणी पुन्हा घेतला नाही. पोथ्यांचे संशोधन करणाऱ्यांना असा पाठभेद सापडला की ते प्रतीचा काळ ठरवतात. इथे काळ मथळ्यातच छापलेला आहे, तरी हा पुरावा स्वतः हाती लागण्यातले सुख वेगळे.

यापुढे खालची उतरंड. ती खालून वर वाचायची. सिस्टिम कॉल, त्यातून सिस-रीड, मग व्हीएफएस-रीड, सेक-रीड, म्हणजे कोणीतरी एक फाइल वाचायला घेतली. मग प्रॉक-सिंगल-शो: फाइल डिस्कवरची नाही, कर्नल मागणी येईल तेव्हा जागच्या जागी तयार करतो त्या प्रॉक विभागातली आहे. मग प्रॉक-टीजीआयडी-स्टॅट. इथे थांबायला हवे. टीजीआयडी म्हणजे थ्रेडचा समूह. एका थ्रेडची माहिती नको, सगळ्या प्रक्रियेची हवी. आणि मग डू-टास्क-स्टॅट, ज्याच्या पोटात लॉक-टास्क-सिगहँडचे कुलूप घेतले जाते आणि, समूहाची मागणी असेल तर, प्रक्रियेतल्या एकेका थ्रेडपाशी जाऊन त्याचे पेज-फॉल्ट आणि त्याचा प्रोसेसर-वेळ यांची बेरीज ३.८ मध्ये केली जात असे. शिरगणतीला आलेला कारकून घरात शिरतो, माणसे मोजताना कोणी आत-बाहेर करू नये म्हणून दाराला कडी घालतो, आणि घरात दोन माणसे आहेत की दोन हजार याची त्याला पर्वा नसते.

कारण हे आहे, आणि ते कुठेही लिहिलेले नाही. मथळ्यात सुरुवातीचे आणि शेवटचे अशी दोनच नावे येतात. शेवटचे नाव कुलूप सोडणाऱ्या फंक्शनचे आहे, आणि कितीतरी जण त्यालाच धरतात: ‘अनलॉकला २५९ मायक्रोसेकंद लागले!’ चोर सोडून संन्याशाला फाशी. अनलॉकने फक्त दार उघडले. ज्याने आत वेळ काढला त्याचे नाव उतरंडीत वरून चौथे आहे, आणि त्याने वेळ का काढला हे शोधायला संहितेपर्यंत जावे लागते. शिवाय त्या कर्नलमध्ये हा वेळ थ्रेडांच्या संख्येबरोबर वाढत असे. आज २५९, उद्या एखादा मोठा सर्व्हर चालू असताना किती, याला वरची मर्यादा नव्हती. रिअल-टाइमवाल्याला आकडा मोठा असण्यापेक्षा त्याला छत नसणे जास्त खुपते.

आता ती चाचणीप्रत. चार ओळींपैकी तिसरी मला सगळ्यांत जास्त आवडते, कारण ती स्वतःच्याच आकड्यावर शंका घ्यायला लावते. तिथे टाइम-हार्डआयआरक्यूज-ऑन असे फंक्शन दिसते. ३.८ मध्ये हे फंक्शन एकाच परिस्थितीत अस्तित्वात येत असे: कर्नल बांधताना कुलपांचा क्रम तपासणारी यंत्रणा चालू ठेवली असेल तर. ही यंत्रणा प्रत्येक कुलूप घेताना आणि सोडताना हिशोब करते, आणि तो फुकट होत नाही. तेव्हा २५९ मधले किती मायक्रोसेकंद पीएसचे आणि किती तपासनिसाचे? ओळी सांगत नाहीत. पण तपासनीस घरात होता एवढी कबुली तिसऱ्या ओळीने दिली आहे. लॅटन्सीची तक्रार घेऊन येणाऱ्याला पहिला सल्ला असतो तो हाच: मोजण्याआधी असली तपासणी बंद करून कर्नल पुन्हा बांधा. आणि २६३ पासून चौथ्या ओळीवरच्या ३०६ पर्यंतचे ४३ मायक्रोसेकंद तर उघडच ट्रेसरचे स्वतःचे आहेत. उतरंड उतरवून घेण्यात गेलेले. सुदैवाने ते मोजमापाच्या बाहेर पडले.

याच प्रकरणात एक मोठा नमुनाही आहे. ७१ मायक्रोसेकंदांचा, पण १६८ नोंदींचा; कारण तिथे मधल्या प्रत्येक फंक्शनचीही नोंद करायला सांगितले होते. बॅश डिस्ककडे काहीतरी मागते आणि आपण एटीए ड्रायव्हरच्या आत पायरी-पायरीने उतरत जातो. माहिती भरपूर आहे, उपयोगीही आहे. कागदपत्र प्रामाणिकपणे बजावते की इतकी नोंद करण्याने उशीर वाढू शकतो. तरी वाचनाचा आनंद म्हणाल तर माझे मत चार ओळींना. १६८ नोंदींचा नमुना सगळे सांगून टाकतो. चार ओळींचा नमुना जागा सोडतो आणि वाचणाऱ्याला कामाला लावतो.

त्याच्या मर्यादा मात्र झाकायच्या कशाला? पहिली अशी की हा ट्रेसर फक्त सर्वांत वाईट प्रसंग आठवणीत ठेवतो. दुसऱ्या क्रमांकाचा, कदाचित रोज घडणारा आणि खरा उपद्रवी, प्रसंग पुसला जातो. ठरावीक मर्यादेपलीकडचा प्रत्येक प्रसंग नोंदवायला सांगता येते, पण तेव्हाही नवा प्रसंग आधीच्याला पुसतो. दुसरी मर्यादा जास्त खोल आहे: दार किती वेळ बंद होते हे कळते, बाहेर कोण ताटकळले हे कळत नाही. त्यासाठी उलट्या बाजूने यावे लागते. थॉमस ग्लाइक्सनर यांचे सायक्लिकटेस्ट तसे करते: वरच्या प्राधान्याचा एक थ्रेड ठरल्या वेळी उठायचा प्रयत्न करतो आणि आपण किती उशिरा उठलो ते टिपतो. उशीर मर्यादेबाहेर गेला की ट्रेस तिथल्या तिथे थांबवायचीही सोय त्यात आहे. या दोन बाजूंची गाठ उत्तम मारली ती डॅनियल ब्रिस्टॉट डी ऑलिव्हेरा यांनी. २०२१ साली ५.१४ मध्ये आलेला त्यांचा टाइमरलॅट इंटरप्ट किती उशिरा आला आणि थ्रेड किती उशिरा उठला हे वेगवेगळे सांगतो. उशीर दाराबाहेर झाला की दाराच्या आत, हा प्रश्न त्यामुळे सुटतो. ऑलिव्हेरा २०२४ साली फार लवकर गेले.

तिसरी मर्यादा कोणत्याच ओळीच्या आवाक्यातली नाही. कधी कधी ट्रेसमध्ये दोन लगतच्या, अगदी क्षुल्लक फंक्शनांमध्ये शेकडो मायक्रोसेकंदांची दरी दिसते आणि मध्ये काहीच घडलेले नसते. तेव्हा संशय फर्मवेअरवर जातो. यंत्राचे फर्मवेअर सिस्टिम मॅनेजमेंट इंटरप्ट नावाने प्रोसेसर परस्पर ताब्यात घेते, आपले काम उरकते आणि परत देते. कर्नलला पत्ता नसतो. ते पकडायला २०१६ साली ४.९ मध्ये एचडब्ल्यूलॅट हा ट्रेसर आला. तो स्वतः इंटरप्ट बंद करून नुसते घड्याळ वाचत बसतो आणि दोन वाचनांत वेळ गायब झाला की बोंब मारतो. अर्थात तो चालू असताना बाकीच्यांना उशीर होतोच.

आणि इलाज? पीएसच्या प्रसंगावर दोन बाजूंनी इलाज झाला. रिअल-टाइम लिनक्समध्ये साधे स्पिनलॉक हे झोपू शकणारे कुलूप होते आणि ते घेताना इंटरप्ट उघडेच राहतात. कुलूपधारकाला गरज पडली तर वाट पाहणाऱ्याचे प्राधान्य उसने मिळते. म्हणजे पीएस शिरगणती करत असताना रोबोटचा थ्रेड त्याला बाजूला सारून निघून जातो. वीसएक वर्षे बाहेर वाढलेले हे काम सप्टेंबर २०२४ मध्ये मुख्य कर्नलमध्ये सामावले गेले आणि ६.१२ मध्ये लोकांच्या हाती आले.

दुसरा इलाज साध्या कर्नलमधला, आणि मला तो जास्त रोचक वाटतो. २०२४ च्या सुरुवातीला ओलेग नेस्तेरोव यांनी डू-टास्क-स्टॅटमधली थ्रेडांची बेरीज त्या कुलपाबाहेर काढली. आता आधी कुलूप न लावताच वाचून पाहायचे. मध्येच आकडे हलले असे आढळले तरच दुसऱ्या खेपेला वेगळे कुलूप घ्यायचे. त्यांची चिंता रोबोटची नव्हती. अनेक प्रोसेसरवरून एकाच वेळी, हजारो थ्रेडांच्या प्रक्रियेची अशी चौकशी झाली तर सगळे इंटरप्ट बंद करून एकमेकांची वाट पाहत फिरत राहतील आणि यंत्रच गोठेल, ही होती. ३.८ च्या नमुन्यात जे २५९ मायक्रोसेकंदांचे दिसले होते तेच, प्रोसेसर आणि थ्रेड यांच्या गुणाकाराने फुगलेले. अकरा वर्षे तो नमुना कागदपत्रात उघड्यावर छापलेला होता. कितीतरी जणांनी त्यावरून पट्टी वाचायला शिकून घेतले आणि पीएसकडे बोट दाखवणारी उतरंड ओलांडून पुढे गेले.

कागदपत्रात अजून तोच नमुना आहे. अधिकच्या चिन्हाचा घोळ दुरुस्त करायचा म्हणून कोणी नव्या कर्नलवर नवा ट्रेस घेऊन तिथे चिकटवू नये असे मला वाटते. हवी तर तळाशी एक टीप द्यावी.